आवाज आधी, हात नंतर

आमच्या घरातल्या कुकरला शिट्टी नव्हती. म्हणजे होती, पण ती फळीवरच्या चहाच्या डब्यामागं लपवलेली असायची. बाबा ड्यूटीवर गेले की माय ती काढायची, घाईघाईनं कुकर लावायची आणि काम झालं की शिट्टी पुन्हा डब्यामागं. बाबा झोपलेले असले की डाळ पातेल्यात शिजायची, तिला हवा तितका वेळ घेऊन. बाबा पूर्णा जंक्शनच्या यार्डात पॉइंट्समन होते. डबे जोडायचे, तोडायचे, इंजिन मागं-पुढं घ्यायला झेंडी दाखवायची, असं ते काम, आणि पाळी सारखी बदलती. त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस बाबा भर उजेडी झोपायचे आणि आम्ही मायलेकी दोन खोल्यांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये चोरासारख्या वावरायचो. गंमत अशी, की यार्ड आमच्या मागच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर होतं. इंजिनांचे भोंगे, डबे एकमेकांवर आदळल्याचे धडाके, लाउडस्पीकरवरची बाई, यातल्या कशानंही बाबांची झोप मोडायची नाही. पण स्वयंपाकघरात वाटी पडली की टॉवेलाखालून लगेच आवाज यायचा, "कोन हाय?" आणि माय माझ्याकडं अशी बघायची, जशी काही ती वाटी मी मुद्दाम पाडली होती.

भाकरीची तर मायनं वेगळीच तऱ्हा काढली होती. परातीत थापली की थपथप होते, म्हणून ती भाकरी हातावर करायची. या तळव्यावरून त्या तळव्यावर, गोल गोल, आणि अलगद तव्यावर. ठेचा कुटायचा नाही, मिरच्या भाजल्या की तिथंच तव्यावर तांब्याच्या बुडानं रगडायचा. फोडणी दिली की त्याच क्षणी झाकण. त्या ठेच्याची चव अजून माझ्या जिभेवर आहे. मिक्सरमधून काढलेला ठेचा मला आजही बेचव लागतो. अशा घरात वाढलेल्या मुलीचा आवाज कसा असणार? शाळेत मी "हजर" म्हणायचे आणि गुरुजी गैरहजर मांडायचे. दुकानात मी मीठ मागायचे आणि दुकानदार माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला विचारायचा, "काय देऊ?" आता माझी मुलगी गच्चीवरून खाली दूधवाल्याशी गप्पा मारते, तेव्हा मला तिचं कौतुकही वाटतं आणि तिच्या तोंडावर हात ठेवावासाही वाटतो. जुनी खोड, दुसरं काय.

बारावीनंतर मी परभणीच्या कॉलेजात नाव घातलं. सकाळची पॅसेंजर, मिरखेल, पिंगळी, परभणी, आणि संध्याकाळी उलटं. सोबतीला मंगल होती. मंगल पूर्णेजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची पोर. लहानपणापासून ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभी राहून, गोफण फिरवत पाखरं हाकललेली. ती नुसतं "शेंगा खातीस का?" विचारायची, तर अख्खा डबा वळून बघायचा. मी लाजेनं चूर व्हायचे, आणि मनातल्या मनात तिचा हेवा करायचे. आमच्याच ओळीतल्या क्वार्टरमधली सविता पण आमच्यासोबत यायची. तिला गाडीत कुणीतरी चिठ्ठी दिली, ती पुस्तकात राहिली, घरी सापडली, आणि पंधरा दिवसांत सविताचं कॉलेज सुटून लग्नसुद्धा ठरलं. चिठ्ठी देणाऱ्याचं काय, हे कुणी विचारलंच नाही. लग्न ठरल्याचं कळलं त्या संध्याकाळी बाबा जेवताना मान वर न करता म्हणाले, "हे बग रत्ना, तुला शिकवायला माझी ना न्हाई. पन गाडीत, फलाटावर, कुठं तुझ्या नावानं गोंधळ झाला, की मी म्होरला पास काढनार न्हाई. मला ह्याच स्टेशनात रोज तोंड दावायचं हाय." पास म्हणजे महिन्याचं तिकीट. तो बाबाच काढून आणायचे आणि माझ्या हातात द्यायचे. माझं कॉलेज त्या चतकोर कागदावर चालत होतं, आणि तो कागद दर महिन्याला संपायचा.

नसीम आपांचा वर्ग मंगलनंच शोधला. आपा पन्नाशीला टेकलेल्या, ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, पानानं ओठ लाल झालेल्या. वडील लाठीचे उस्ताद, भाऊ कुस्तीगीर, स्वतः आपा कॉलेजात ज्युदो खेळलेल्या आणि नंतर कुठल्याशा शिबिरात कराटे शिकून आलेल्या. यातलं त्यांनी काय ठेवलं आणि काय टाकलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पहिल्याच दिवशी मंगलनं विचारलं, "आपा, ह्याला म्हनायचं काय? कराटे का ज्युदो?"

"खिचडी," आपा म्हणाल्या. "कामाला येतो तो दाना टाकायचा. दिसायला झ्याक, पन घाईत जमत न्हाई, तो काढून फेकायचा. तुमाला काय कप जिंकायचाय? घरी सुखरूप जायचंय."

वर्ग दर रविवारी पूर्णेतच, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आपांच्या घरामागच्या अंगणात भरायचा, मोठ्या कडुलिंबाखाली. भुसा भरून शिवलेली पोती म्हणजे आमच्या गाद्या. खताच्या गोणीत वाळू आणि चिंध्या भरून ती लिंबाच्या फांदीला टांगलेली. तिला आम्ही "मामा" म्हणायचो आणि मनसोक्त बडवायचो. आम्ही दहा-बारा जणी, ओढण्या कमरेला करकचून बांधलेल्या. काय मजा होती त्या अंगणात! मनगट कुणी धरलं तर मागं ओढायचं नाही, त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं झटक्यात फिरवून काढायचं, कारण तिकडं त्याचं एकच बोट असतं. तळव्याचा खालचा भाग नाकावर. टाच त्याच्या पायाच्या बोटांवर. जवळ आला तर कोपर, अंगावर आला तर कुस्तीतली टांग. आणि पडायचं कसं, हे तर आधी. हनुवटी छातीला, पाठ गोल. मी पहिल्यांदा मंगलला टांग मारून पाडलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी तिथंच नाचले. मंगल माझ्या दीडपट होती हो! पाडलेल्याला लगेच हात देऊन उठवायचं आणि "लागलं का?" विचारायचं, ही आपांची सक्त रीत. त्यांच्या भावाच्या आखाड्यातून आलेली. ती विसरलं तर अंगणाला पाच फेऱ्या. त्यामुळे पाडणं आणि हात देणं हे आमच्या अंगात एकच काम म्हणून भिनलं.

माझं घोडं अडायचं ते आवाजाशी. आपांचा पहिला नियम होता, आवाज आधी, हात नंतर. त्याची परीक्षाही ठरलेली. रस्त्यापलीकडं पिठाची गिरणी होती. गिरणी चालू असताना तिथल्या मावशी दारात उभ्या राहायच्या. आपण अंगणातून "सोड हात!" असं ओरडायचं. ऐकू गेलं तर मावशी पिठानं पांढरा झालेला हात वर करायच्या. मंगलच्या पहिल्याच आरोळीला मावशींचा हात वर, आणि शिवाय दळायला आलेल्या दोन बायाही बाहेर. मी ओरडले, तर मावशी कानामागं तळवा धरून उभ्याच. "अगे, ये आवाज हाय का मांजरीचं पिल्लू?" आपा कपाळावर हात मारून म्हणायच्या. "पडतीस ते पन गुपचूप पडतीस. कायकू इतकी डरतीस?" कुणाला भीत होते, हे मला सांगता आलं नसतं. बाबा झोपले आहेत, एवढंच मला आतून सारखं वाटायचं, आणि बाबा तर तिथून दोन मैलांवर असायचे.

घरी या वर्गाचं नाव "शिवणाचा क्लास" होतं. ही युक्ती मायची. माय तशी भित्री, पण सविता सासरी गेली तेव्हा ती पदर तोंडात कोंबून रडली होती. मी भीत भीत तिला खरं सांगितलं, तर ती तितक्याच हळू कुजबुजली, "जा तू. तेनला सांगते शिवन शिकायलीय म्हनून." एकदा बाबांनी माझा गुडघा बघितला. "शिवनात गुडघा कसा काय फुटला?" माय चुलीकडं तोंड फिरवून म्हणाली, "पायानं चालवायची मशीन असती नव्हं." मग बाबांनी आपला खाकी शर्ट माझ्यापुढं टाकला, कॉलर उलटून दे म्हणून. मायनं ती भर दुपारी, दार लावून, हातानं शिवली. बाबांनी कॉलरवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मशीनची शिलाई लय बारीक हाय." ते गेल्यावर आम्ही दोघी तोंडावर उशी दाबून हसलो.

आणि मग तो निळ्या चौकड्यांच्या शर्टवाला. आधी तो गाडीत समोर बसायचा. मग दारात हात आडवा लावून उभा राहायला लागला, म्हणजे उतरताना त्याच्या हाताखालून वाकून जावं लागे. मग वहीवरचं नाव वाचून मला नावानं हाक मारायला लागला. मी डबा बदलला, तर तोही बदलला. मी कुणाला सांगितलं नाही, मंगललासुद्धा नाही. तिला सांगितलं असतं तर तिनं अख्खी गाडी डोक्यावर घेतली असती, आणि माझा पास गेला असता. वर्गात मी मनगटं सोडवत होते आणि गाडीत मान खाली घालून बसत होते. हे लिहिताना आजही मला माझा राग येतो.

त्या दिवशी पास संपायला चार दिवस उरले होते. संध्याकाळची गाडी पूर्णेत शिरताना मी खिडकीतून बाबांना बघितलं. मालगाडीच्या डब्यांपाशी, हिरवी आणि लाल झेंडी बगलेत. त्यांची दिवसपाळी होती. उतरल्यावर मंगल नळावर बाटली भरायला गेली आणि मी फलाटाच्या टोकाकडं चालू लागले, तिथून क्वार्टरकडं पायवाट जाते. तो मागून आला. "रत्ना, आज बोलल्याबिगर जाऊ देनार न्हाई," म्हणाला, आणि त्यानं माझं डावं मनगट धरलं.

मनगट कसं सोडवायचं ते मला येत होतं. गुपचूप सोडवून घरी जाता आलं असतं. कुणाला कळलं नसतं, पास मिळाला असता, आणि उद्या सकाळी तो पुन्हा दारात हात आडवा लावून उभा असता. ओरडले तर सगळा फलाट बघणार. पन्नास पावलांवर बाबांची पाठ मला दिसत होती. ते वळणार, आणि कॉलेज संपणार. आता हे असं एकापुढं एक लिहिता येतं, तेव्हा तो दोन श्वासांचा खेळ होता. त्यानं मनगट जरा पिरगाळलं. मला आपांचा लालभडक ओठ दिसला, गिरणीवाल्या मावशींचा वर न गेलेला हात दिसला, आणि पोटातून काहीतरी वर आलं.

"सोड हात!"

शेडवरची कबुतरं उडाली म्हणे. ही मंगलची भर असेल. पण माझ्या स्वतःच्या कानांना दडे बसले, हे खरं. त्यानं दचकून पकड ढिली केली, मी मनगट अंगठ्याकडून फिरवून काढलं, तळवा त्याच्या नाकावर बसला, तो मागं झुकला आणि माझा पाय आपोआप त्याच्या पायामागं गेला. धप्प! गडी फलाटावर उताणा. आणि मग मी काय करावं? मी वाकले, त्याच्यापुढं हात केला आणि विचारलं, "लागलं का?"

तो इतका भांबावला होता, की त्यानं माझा हात धरला, उठून उभा राहिला आणि म्हणाला, "न्हाई, न्हाई."

चणेवाला आधी हसला. मग हमाल हसले, मग सगळेच. मंगल भरलेली बाटली घेऊन धावत आली. "अगं हात काय देतीस, हान की त्याला!" म्हणत तिनं ती बाटलीच गोफणीसारखी फिरवून सोडली. ती त्याच्या खांद्यावर बसली, आणि तो नाक धरून रुळांवरून जो पळाला, तो पुन्हा त्या गाडीला दिसला नाही. मी हसत होते, मला पुन्हा एकदा ओरडावंसं वाटत होतं. इतकं मोकळं मला त्याआधी कधीच वाटलं नव्हतं. आणि मग गर्दीच्या कडेला मला बाबा दिसले. दोन्ही झेंड्या एका मुठीत, धाप लागलेली. मागं इंजिन त्यांच्यासाठी भोंगा देत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या लाल झालेल्या मनगटाकडं बघितलं. "घरी जा," एवढंच म्हणाले आणि वळले.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. तिनं लगेच येसर मसाल्याची आमटी करायला घेतली, बाबांना आवडायची म्हणून. मी पुस्तकं एकावर एक रचून ठेवली, परत करायची असल्यासारखी. दिवेलागणीला बाबा आले. हातपाय धुतले, पाटावर बसले, दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "हात कशाला दिलास त्याला?"

मला कळेचना.

"पाडलंस ते झ्याक पाडलंस. मी पळता पळता बगितलं. पन उठवायला हात कशाला दिलास?"

"तशी रीत हाय," मी पुटपुटले. "क्लासमदी. पाडलं त्याला उठवायचं."

"शिवनाच्या क्लासमदी?"

मायला ठसका लागला. बाबांनी अंगातल्या शर्टाच्या कॉलरला हात लावला आणि मायकडं बघितलं. "मंग ही कुनी शिवली?" माय म्हणाली, "मी." बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता गेलं सगळं.

"तुझाच व्हता का तो आवाज?" ते म्हणाले. "मला वाटलं आमचा गडी वरडला. दोन डब्यांच्या मदी कुनी घावायला लागलं की आमी असंच वरडतो, पार पोटातून. मी इंजिन थांबवलं आन् पळत आलो. बगतो तर तू."

बाबा दिवसभर ओरडतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांचा मोठा आवाज जन्मात ऐकला नव्हता. ज्या माणसासाठी आम्ही घरात कुजबुजत होतो, तो माणूस यार्डात ओरडून दुसऱ्यांचे जीव वाचवत होता. आनंद व्हावा का रडू यावं, मला समजेना. मी विचारलं, "बाबा, पास?"

"काय? ऐकू येत न्हाई."

"बाबा, पास काढनार का?"

"आजून ऐकू येत न्हाई."

मी उभी राहिले. "बाबा, माझा पास काढनार का न्हाई?" शेजारच्या काकू काय झालं म्हणून दारात आल्या. फळीवरचा डबा झणझणला.

"काढनार की," बाबा म्हणाले आणि आमटीची वाटी मायपुढं केली. "वाढ अजून."

पुढच्या रविवारी गिरणीवाल्या मावशींनी दोन्ही हात वर केले, आणि आपांनी तोंडातलं पान थुंकून मला मिठी मारली. आपा आता नाहीत. माझे गुडघे कुरकुरतात, तरी रविवारी परभणीत मी पोरींना घेऊन उभी राहते. मुलींना पहिल्याच दिवशी सांगते, हात देऊन उठवायचं ते इथल्या इथं, रस्त्यावर नाही. त्या हसतात. मग मी त्यांना त्याचं कारण सांगते, आणि त्या आणखी हसतात.

मावशींनी दोन्ही हात वर केले, त्याच्या पुढच्या आठवड्यात बाबांची रात्रपाळी लागली. सकाळी ते आले, जेवले, तोंडावर टॉवेल घेऊन आडवे झाले. मला आरोळीचा सराव करायचा होता, म्हणून मी चपला हातात घेऊन पाय न वाजवता दाराकडं निघाले.

"कुठं निघालीस?" टॉवेलाखालून आवाज आला.

"भाईर. वरडायला."

"उनात कशाला जातीस? हितंच कर."

मी मायकडं बघितलं. मायनं खांदे उडवले. मी खोलीच्या मधोमध उभी राहिले, पाय रोवले, आणि ओरडले, "सोड हात!" खिडकीची तावदानं थरारली. मी श्वास रोखून टॉवेलाकडं बघत राहिले. टॉवेल हलला नाही. मी दुसऱ्यांदा ओरडले, आणखी मोठ्यानं. मागं यार्डात एक इंजिन भोंगा देऊन गेलं. टॉवेलाखाली बाबा घोरत होते, अगदी एका लयीत, गाढ.

माय चवड्यांवर उभी राहिली, चहाच्या डब्यामागं हात घातला, शिट्टी काढली आणि कुकरवर लावली.